शून्यावर येताना

झालं एवढंच, की एक बाई खाली बसली. पडली नाही. भोवळ आली, डोळे फिरले, लोक धावले, असलं काही नाही. खेळ संपल्यावर बाहेर पडायच्या दारातून ती इतरांबरोबरच आली, म्हणजे ज्यांचे केस विस्कटलेले असतात आणि जे उगाचच मोठमोठ्याने हसत असतात त्यांच्याबरोबर, आणि त्या हसणाऱ्यांच्या मधोमध, कुणाच्या बुटाची नाडी बांधायला बसावं तितक्या सहज ती फरशीवर बसली. पर्स मांडीत घेतली. दोन्ही तळवे फरशीला टेकवले. लोक तिला वळसा घालून वाहत गेले. तिची भाची, शाळकरी, लाजेने लाल झालेली, मावशी ऊठ ना, सगळे बघतायत, असं दातांतल्या दातांत म्हणत होती. त्याचं तिथे काही काम नव्हतं. त्याचं काम आत, पडद्यामागे. तो फक्त चहासाठी बाहेर आला होता. तरी वाकला. काय होतंय, विचारलं. जमीन अजून चालू आहे, ती म्हणाली, तक्रार न करता, दुकान उघडं आहे म्हणावं तसं. थांबलीय, तो म्हणाला, कधीच थांबलीय. आणि मग त्याने ते केलं. चहाच्या टपरीवरून काचेचा ग्लास घेतला, पाण्याने भरला, तिच्यासमोर फरशीवर ठेवला आणि म्हणाला, "बघा. पाणी हलतंय का?" आवाज त्याचा नव्हता. बाईने बघितलं. नीट, मान तिरकी करून, वेळ घेऊन बघितलं. "पाणी थांबलंय हो," ती म्हणाली. "पण मी कुठे पाणी आहे?"

एवढ्यावर ते संपलं असतं. रोज कुणी ना कुणी कोपऱ्यात ओकतं, कुणी भिंत धरून उभं राहतं, एखादा दांडगा गडी बायकोच्या खांद्यावर हात टाकून पांढराफटक चेहरा लपवतो. दाराजवळ त्यासाठी बादली, साखरपाणी आणि एक हसरी मुलगी ठेवलेलीच आहे. पण बाईने उठता उठता आणखी एक सांगितलं. म्हणाली, पडताना मला काहीच झालं नाही, खरं तर मजा आली. ते शेवटी चांदणं दाखवता ना, सगळं शांत होतं, तेव्हा कोणीतरी मला मागून हळूच पुढे ढकलत होतं. बराच वेळ. तिथून सुरू झालं.

हे कुणाला कळता कामा नये. हे कळू नये म्हणून तर तो आहे.

खुर्ची कुठेही जात नाही, सगळं गुपित एवढंच. अंधारी खोली, समोर भलामोठा पडदा, खाली पोलादी पायांवर खुर्च्यांचा एक मंच, आणि तो मंच हातभर पुढे, हातभर मागे, थोडा तिरका, याहून जास्त काही करू शकत नाही. पडद्यावर बोगदा अंगावर धावून येतो तेव्हा खुर्ची मागे कलते; माणसाचं स्वतःचंच वजन त्याला पाठीकडे दाबतं, डोळे म्हणतात वेग, पाठ म्हणते वेग, आणि मन हिशेबाला कच्चं असल्यामुळे म्हणतं, आपण सुटलो. पण मागे कललेली खुर्ची पुन्हा सरळ करावी लागते, नाहीतर पुढच्या कड्यावरून पडणार कशी. आणि सरळ करणं कळलं तर सगळाच फज्जा. म्हणून ते चोरून करायचं. कानाच्या आत जे काही पाणी आणि केस आहेत त्यांना झटका कळतो, सावकाशी कळत नाही. बाळ मांडीवर झोपल्यावर त्याला खाली ठेवतात तसं. आधी पाठ टेकवायची, मग मान, मग आपला हात काढून घ्यायचा, श्वाससुद्धा जपून. या धंद्यात या सगळ्याला चाल लावणं म्हणतात. चित्र बाहेरून तयार होऊन येतं, त्याला चाल हा लावतो. आणि त्या गुपचूप सरळ होण्याला म्हणतात परत. परत शून्यावर. सगळ्यात मोठी परत शेवटी, चांदण्यात: पडद्यावरचं यान वाचलेलं असतं, संगीत मंद होतं, माणसं वर बघत सुस्कारा सोडतात, आणि त्या सुस्काऱ्याच्या आड तो त्यांना हळूहळू शून्यावर आणून ठेवतो. साहेब पाहुण्यांना सांगायचे, आमच्या या माणसाच्या हाताला परत आहे. पाहुण्यांना काही कळायचं नाही. यंत्र तपासायला यंत्रं आहेत, पण चाल तपासायला तोच. तो खुर्चीत बसतो, उतरतो आणि ठीक म्हणतो, त्यानंतरच दार उघडतं. ठीक हा शब्द तो अंगाने म्हणतो. निदान त्याची तशी समजूत होती.

चांदणं आधी लांब होतं. सुट्ट्यांमध्ये रांग रस्त्यापर्यंत गेली तेव्हा साहेबांनी ते अर्ध्यावर आणलं. चांदणं बघायला कोण येतं, म्हणाले, लोक पडायला येतात. म्हणजे परतही अर्ध्या वेळात बसवायला लागली. त्याने बसवली. खुर्चीत बसला, डोळे मिटले, अंगभर शोधलं, कुठेच काही लागलं नाही, ठीक म्हणाला. आता त्या बाईनंतर, रस्त्याने चालताना, दात घासताना, बायको काही सांगत असताना, तो एकाच गोष्टीभोवती फिरत होता. काही लागलं नाही म्हणजे काही नव्हतं, की. दिवसभर चुलीपुढे उभं राहून चव घेणाऱ्याची जीभ जाते. तो मीठ टाकत राहतो, जेवणारे पाणी पीत राहतात. किती वर्षं तो रोज पडतोय. कितीदा सुटला, कितीदा आदळला, कितीदा चांदण्यात आला. आणि इतर बारीकसारीक. साबण लावून डोळे मिटले की हात आपोआप नळ धरतो. अंधारात बूट घालायला एका पायावर उभं राहता येत नाही, वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. आणि लिफ्ट. आज त्याने मुद्दाम लिफ्टमध्ये लोकांकडे बघितलं. सुरू होताना सगळ्यांच्या माना किंचित, अगदी किंचित, खाली जातात. त्यांना माहीतही नसतं. त्याची गेली नाही. लिफ्ट सुटली हे त्याला दारावरचा आकडा बदलला तेव्हा कळलं. गेली कित्येक वर्षं त्याला ते आकड्यावरूनच कळत होतं, आणि हे त्याला आज कळलं.

नाही, आधी पाणी. पाण्याचं बघायला हवं. तो आवाज.

वडील मोजणी खात्यात होते. तीन पायांच्या स्टँडवरच्या दुर्बिणीतून जग बघायचे आणि जग नेहमी थोडं तिरकं निघायचं. घरात त्यांचा एक शब्द चालायचा: पाण्याला विचार. कपाट सरळ आहे का, पाण्याला विचार. टेबल डुगडुगतं का, पाण्याला विचार. पाणी खोटं बोलत नाही, त्याला नातेवाईक नसतात, हा त्यांचा विनोद. आणि आई भिंत धरून चालायची. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना उजवा हात भिंतीवर, बोटं पुढे, जणू भिंतीला काही विचारत यायची. त्यामुळे भिंतीवर कमरेच्या थोडं वर एक मळकट रेघ उमटलेली असायची, दारापाशी तुटायची, पुढे पुन्हा सुरू व्हायची. दर वर्षी वडील रंग द्यायचे आणि थोड्या दिवसांत रेघ परत यायची. खाली हलतंय, आई म्हणायची, फार नाही, थोडंसं. डॉक्टर झाले. दुसरे डॉक्टर झाले. रक्त चांगलं, कान चांगले, डोळे चांगले. मग एकदा वडिलांनी वाटीत पाणी घेतलं, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, आईच्या पुढ्यात ठेवलं. बघ. हलतंय का? आई वाटीकडे बघत राहिली. हलत नाही, म्हणाली. मग? वडिलांनी विचारलं, रागाने नव्हे, खरंच नव्हे, गणित सुटल्यावर माणूस जसा विचारतो तसं. आणि तो, तेव्हा चौथीत की पाचवीत, हसला. बहीणही हसली. कारण वाटीतलं पाणी इतकं शहाण्यासारखं बसलं होतं. त्यानंतर आईने तो विषय काढला नाही, फक्त रेघ येत राहिली. लग्न होऊन ती बोटीने आली होती, दोन रात्री पाण्यावर, आणि घरातला जुना विनोद असा की आई अजून बोटीतच आहे. आत्याने काढलेला विनोद. आईसुद्धा त्यावर हसायची. सगळ्यात मोठा पुरावा तर बसमधला. बसमध्ये आई काही न धरता उभी राहायची, गर्दीत, वळणांवर, दोन्ही हातांत पिशव्या, चेहऱ्यावर एक तरतरी. आणि वडील त्याला कोपराने ढोसायचे, बघ, आता कशी खांबासारखी उभी आहे, घरी आली की लागेल भिंत धरायला.

बाई पुन्हा आली. साहेबांच्या खोलीत बसली होती, खुर्चीच्या कडेला, खुर्चीवर पूर्ण विश्वास न टाकता, आणि साहेब तिला दारावरच्या पाटीबद्दल सांगत होते, की हृदय, मान, पाठ, गरोदरपण, सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. मला यातलं काहीच नव्हतं, ती म्हणत होती. नव्हतं ना, मग झालं तर, साहेब म्हणाले. त्यांना ती भरपाई मागायला आली आहे असं वाटत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. ती केस कापायची. स्वतःचं छोटंसं दुकान, दोन आरसे. तेव्हापासून दुकान बंद होतं. दुकानात मी उभी असते हो, ती त्याच्याकडे वळून म्हणाली, जणू इतका वेळ ती त्याचीच वाट बघत होती, दिवसभर उभी, आणि हातात कात्री असते, लोकांच्या कानाजवळ. फरशी श्वास घेते. अशी वर, अशी खाली. मी कात्री थांबवते, श्वास सोडायची वाट बघते, मग कापते. एकदा एका लहान मुलीच्या कानाला. जास्त नाही. पण मी दुकान बंद केलं. मला फक्त सांगा, कधी थांबेल. साहेब म्हणाले, थांबेल, दोनचार दिवस, फार विचार करू नका, विचाराने वाढतं. त्याने मधेच विचारलं, "बसमध्ये कसं वाटतं?"

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. हा काय प्रश्न.

बाईचा चेहरा मात्र सैल पडला. "बसमध्ये बरं वाटतं," ती म्हणाली. "अगदी पूर्वीसारखं. काल मी उगाचच शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आले. दोनदा. कंडक्टरला वाटलं, बाईचं घरी कुणाशी तरी वाजलंय." आणि हसली, आणि हसताना तिचा हात टेबलाच्या कडेवर गेला, उजवा, बोटं पुढे. त्याला भिंत दिसली. इतक्या वर्षांचा, दर वर्षी नव्याने दिलेला रंग एकदम सोलवटून निघावा तशी ती अख्खी रेघ, दारापाशी तुटलेली, पुढे सुरू झालेली. म्हणजे बस हा पुरावाच होता. फक्त उलटा. वडील दुर्बिणीतून बघायचे तेव्हा त्या जुन्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसायचं, माणसं डोक्यावर उभी असल्यासारखी. त्यांना त्याची इतकी सवय होती की ते उलटंच सरळ वाचायचे. बाई गेल्यावर साहेब म्हणाले, बघितलंस, लोक कसे येतात. मग म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून चांदणं काढूनच टाकू, यान वाचलं की दिवे लावायचे, बाहेर. परत? तो म्हणाला. ती बसव कुठेतरी, साहेब म्हणाले. तुझ्या हाताला आहे ना. उद्या सुट्टीच आहे, बसून बघ आणि मला फोनवर ठीक म्हण, मग लावू.

ठीक म्हटलं तर बाया फरशीवर बसत राहणार. ठीक नाही म्हटलं तर साहेब विचारणार, काय जाणवलं, कुठे जाणवलं. आणि त्याला काही जाणवलेलं नव्हतं. ज्याच्या अंगावर सगळ्यांचा भरवसा ते अंगच मुकं झालंय असं सांगायचं, म्हणजे उद्यापासून त्या खुर्चीत दुसरं कोणीतरी. या वयात तो दुसरं काय करणार. पडण्याशिवाय त्याला काही येत नव्हतं. जेवताना त्याने आईकडे बघितलं. आई आता त्यांच्याकडेच असते, टेबलाच्या कोपऱ्यातली खुर्ची तिची, दोन बाजूंनी भिंत मिळते म्हणून. आई, तो म्हणाला, तुला बसमध्ये का गं बरं वाटायचं? बायकोने मान वर केली. आईने तोंडातला घास संपवला. मग म्हणाली, तिथे सगळेच हलत असतात ना. मग पाणी प्यायली. मग म्हणाली, "मी त्या बोटीतून उतरलेच नाही रे. तुम्ही हसायचात, पण ते खरंच होतं." यात दोष देणं नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन निघाला. या वयात सासूबाईंना कुठे उडवायला नेताय, बायको म्हणाली, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने आईचा स्वेटर आणून दिला, आत गार असतं म्हणून. बसमध्ये आईला जागा मिळाली होती तरी ती उभी राहिली. बंद हॉलमध्ये दिवे लावल्यावर सगळं गरीब दिसतं: खुर्च्यांचं उसवलेलं रेक्झीन, मंचाखालचे तेलाचे डाग, पडद्यावर कुणीतरी फेकलेल्या च्युइंगमची ठिपकी, जी चांदण्यात एक तारा म्हणून खपून जाते. आईने सगळीकडे बघून घेतलं. एवढंच? म्हणाली. एवढंच, तो म्हणाला. कडे, बोगदे काही नाही, फक्त शेवटचं चांदणं लावतो. आधी मी बसतो, मग तू. तो बसला. अर्ध्या चांदण्यात, डोळे मिटून, कानापासून टाचेपर्यंत स्वतःला चाचपडत. काही नाही. रिकाम्या घरात हाक मारल्यासारखं. मग आईला बसवलं, पट्टा लावला, जवळची पाण्याची बाटली तिच्या मांडीत दिली, धरायला काहीतरी हवं म्हणून, आणि सांगितलं, कुणी ढकललं की सांग. खुर्ची मागे कलवली. तारे आले. काचेमागे तो एक डोळा आकड्यांवर ठेवून उभा. परत सुरू झाली न झाली, आकड्याने नुकती कूस बदलली होती, तेवढ्यात आतून आई म्हणाली, "आता." त्याने ती थांबवली. पुन्हा लावली, थोडी लांबवून. आता. आणखी लांबवून. आता, पण शंकेने. तो लांबवत गेला, साहेबांनी कापलेलं चांदणं तुकड्यातुकड्याने परत जोडत गेला, पहिल्यापेक्षाही लांब, कुणाही रांगेला परवडणार नाही इतकं लांब, आणि एकदा आत सगळं शांत राहिलं, तारे सरकत राहिले, खुर्ची शून्यावर येऊन टेकली तरी शांत. आई? तो म्हणाला. काय रे, आई म्हणाली, अजून सुरू नाही केलंस का?

फोन तिथूनच केला. ठीक नाही, तो म्हणाला. चांदणं काढता येणार नाही, पहिल्याहून वाढवायला लागेल. साहेबांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, का, तुला काय जाणवलं? "मला काहीच जाणवलं नाही," तो म्हणाला. "तेच सांगतोय." मग साहेबांनी हळू आवाजात विचारलं, कधीपासून. माहीत नाही, तो म्हणाला, ते कळायला जे लागतं तेच गेलंय. साहेब थोडे हसले, मग हसणं अर्ध्यावर सोडून म्हणाले, मग आता तिथे बसवू कुणाला? त्या बाईला आधी फोन करा, तो म्हणाला, तिला सांगा की तिचं बरोबर होतं. त्याने थांबेल का? साहेबांनी विचारलं. नाही, तो म्हणाला, पण सांगा. साहेब बरं म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. उद्या ये, बघू, म्हणाले, आणि उद्या ये हे शब्द पूर्वी असायचे तसे नव्हते.

यंत्र एकदम बंद करायचं नसतं. थंड होईपर्यंत ते नुसतं डोलवत ठेवायचं असतं, हळू, डावीकडे, उजवीकडे, थोडं वर, थोडं खाली. रोज फेऱ्या संपल्यावर रिकाम्या खुर्च्या अंधारात तशा डोलत असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. त्याने सवयीने ते बटण दाबलं आणि मग आठवलं की आई अजून खुर्चीतच आहे. आई, थोडं हलेल, तो काचेमागून ओरडला, घाबरू नको, आलोच. तो धावला, पायऱ्यांवर तोल गेला, कठडा धरला, पुढे भिंत धरली, आणि भिंत धरून, उजवा हात पुढे, तसाच तो खुर्चीपर्यंत आला. आई डोळे उघडे ठेवून बसली होती. सगळा मंच डोलत होता, शेजारच्या रिकाम्या खुर्च्या, लोंबते पट्टे, सगळं. आईच्या मांडीत बाटली आडवी पडली होती आणि तिच्यात पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे जात होतं, येत होतं. आईने त्याच्याकडे नाही, बाटलीकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं.

"पाणी हलतंय," ती म्हणाली. "मी नाही."

तो तिथेच मंचाच्या कडेला बसला. बंद करायला गेला नाही. आईचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर नव्हते, पट्ट्यावर नव्हते, बाटलीवरही नव्हते. तळवे वर करून, नुसते, मांडीच्या दोन बाजूंना पडलेले होते. त्याने ते असे कधी बघितलेच नव्हते.